नळीवर 'नॅनो' छापलंय, पण आत काय आहे? (फिलर, प्लास्टिक आणि खानदेशचं ऊन)

गिरणाकाठ

जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. अलीकडे ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, केळीच्या घडावर चढवायच्या पिशव्या अशा कशाकशावर 'नॅनो टेक्नॉलॉजी' छापून येतंय आणि ओळखीपाळखीचे शेतकरी 'घ्यायची का रे?' म्हणून विचारतात. फोनवर हो-नाही सांगून भागत नाही, म्हणून हा धागा.

आधी माझं मत सांगून टाकतो. प्लास्टिकचा कडकपणा आणि प्लास्टिकचं आयुष्य ही दोन वेगळी खाती आहेत. नॅनोफिलर पहिल्या खात्यात बहुतेक वेळा जमा करतो. दुसऱ्यात जमा होईल की उधारी, हे कण कोणता, त्याच्या अंगावर काय चढवलंय आणि तो किती नीट पसरलाय यावर ठरतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट बंडलावर छापलेली मी अजून पाहिलेली नाही.

फिलर म्हणजे प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायची भुकटी: चुनखडी, टाल्क, काजळी, माती. नेहमीची चुनखडी एक-दोन मायक्रॉनची असते. कणाची निदान एक बाजू १०० नॅनोमीटरच्या आत आली की त्याला नॅनोफिलर म्हणतात. एवढ्याने काय होतं ते आकड्यात बघा. गोल कण धरले तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ काढायला ६ ला घनता आणि व्यासाच्या गुणाकाराने भागायचं. २ मायक्रॉनच्या चुनखडीला ते साधारण १ चौरस मीटर येतं. तीच चुनखडी ५० नॅनोमीटरची असेल तर ४४ चौरस मीटर. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या मातीचे पापुद्रे पूर्ण सुटे झाले, तर एका ग्रॅममागे ७०० चौरस मीटरच्या वर.

प्लास्टिक म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या. या पृष्ठभागाला लगटून असलेल्या साखळ्या मोकळ्या साखळ्यांसारख्या हलत नाहीत. साध्या फिलरमध्ये अशा अडकलेल्या साखळ्यांचा हिस्सा नगण्य असतो. नॅनोफिलरमध्ये दोन-चार टक्के भुकटीतच तो इतका वाढतो की अख्ख्या मालाचा स्वभाव बदलतो. शिवाय पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन हे अर्धस्फटिकी पदार्थ आहेत, म्हणजे साखळ्या काही ठिकाणी नीट रचलेल्या, काही ठिकाणी विस्कटलेल्या. वितळलेला माल थंड होताना स्फटिक कुठून तरी सुरू व्हावे लागतात, आणि कण त्यांना ती जागा देतो. मग स्फटिकांचे गोळे जास्त संख्येने पण लहान होतात. नायलॉन-६ मध्ये तर मातीमुळे स्फटिकाची जातच बदलते, नेहमीच्या अल्फाऐवजी गॅमा जास्त मिळतो.

या विषयाचा गाजावाजा सुरू झाला तो टोयोटाच्या संशोधन केंद्रापासून. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नायलॉन-६ मध्ये जेमतेम ४-५ टक्के माती घातली. ताठपणा जवळपास दुप्पट झाला आणि भाराखाली वाकायला लागायचं तापमान ६५ अंशांवरून १४५ च्या आसपास गेलं. त्या मालाचं टायमिंग बेल्टचं कव्हर त्यांच्या गाडीत बसलं. पण नायलॉन ध्रुवीय आहे, म्हणजे पाण्याशी जमणाऱ्या जातीचं, मातीही ध्रुवीय, म्हणून त्यांचं जमलं. आपली नळी पॉलिएथिलीनची, म्हणजे मेणाच्या जातीची. तिच्यात ही माती नुसती टाकली तर ती पसरत नाही, आपापसात गोळा होते. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं प्लास्टिक मध्यस्थ म्हणून घालावं लागतं, आणि ते काही स्वस्त येत नाही.

विचारा काय विचारायचं ते.

केळीबाग

छान लिहिलंस. मी रावेर तालुक्यातला, केळी. माझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर दे. एका प्लॉटमधल्या लॅटरल (ओळीतल्या ठिबकच्या नळ्या) वर्षानुवर्षं उन्हात पडून आहेत, गुंडाळल्या तरी मऊ राहतात. दुसऱ्या प्लॉटमधल्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या, दोन उन्हाळ्यांत वाकवल्या की कडकन मोडायला लागल्या. दोन्ही काळ्याच. मग नॅनो कोणती?

गिरणाकाठ

दोन्ही! काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, हा सगळ्यात जुना नॅनोफिलर आहे. नळीला लागणाऱ्या काजळीचा मूळ कण २० नॅनोमीटरच्या आसपास असतो. टायर काळा असतो तो याच्यामुळेच, आणि 'नॅनो' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून असतो. तेव्हा काळ्या नळीवर कोणी 'नॅनो' छापलं तर तो खोटं बोलत नाहीये, फक्त नवीन काही सांगत नाहीये.

एचडीपीई पाइपच्या आयएस ४९८४ या मानकात काजळी २.५ टक्के, अर्धा टक्का कमी-जास्त, अशी अट आहे. काजळी अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करते, आणि उन्हाने साखळ्या तुटताना जे फ्री रॅडिकल (पुढच्या साखळ्या तोडणारे तुकडे) निघतात त्यातले काही पकडतेही. दोन टक्क्यांच्या खाली गेलं की ऊन भिंतीत आत उतरतं. तीनच्या वर घातली तर संरक्षण फारसं वाढत नाही, उलट माल ताठ आणि ठिसूळ व्हायला लागतो.

तुझ्या दुसऱ्या प्लॉटच्या नळीत काजळी कमी असेल, किंवा पुरेशी असून पसरलेली नसेल, किंवा दाणाच पुनर्वापराचा असेल. बाहेरून तिन्ही सारख्याच काळ्या दिसतात. काळ्या रंगाखाली सगळी पापं झाकली जातात, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

चटईवाला

आमच्या पोटावर पाय देऊ नको भो 😄 चटईचा कारखाना आहे म्हणून बोलतो. रिप्रोसेस दाणा वापरला म्हणजे पाप नाही. चटई घरात अंथरायची असते, तिला रिप्रोसेस पुरतो. नळीवाल्यांनी तो लॅटरलमध्ये घालू नये हे मान्य.

माझा प्रश्न मिसळण्याचा. काजळीचं पोतं आणलं, दाण्याबरोबर ड्रममध्ये फिरवलं, हॉपरमध्ये टाकलं. टक्का बरोबर. मग पसरत का नाही?

गिरणाकाठ

कारण पोत्यात ती २० नॅनोमीटरची नसतेच. मूळ कण एकमेकांना घट्ट चिकटून झुपके झालेले असतात, आणि झुपक्यांचे परत गोळे. ते गोळे वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रगडून फोडावे लागतात. नेहमीचा सिंगल स्क्रू एक्स्ट्रुडर माल वितळवतो आणि पुढे ढकलतो, रगडायची ताकद त्याच्यात कमी. म्हणून काजळी आधी ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या, रगडणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद मिक्सरमध्ये ४० टक्क्यांच्या मास्टरबॅचमध्ये नीट मुरवून घेतात. शंभर किलो मालात असा मास्टरबॅच सव्वासहा किलो घातला की अडीच टक्के झाले. सुटी काजळी ड्रममध्ये फिरवून टाकली, तर प्रयोगशाळेत जाळून टक्का मोजला तरी आकडा बरोबर येतो आणि नळी मात्र फुटते.

यावरचा उपाय साधा आहे. नळीचा पातळ काप दोन काचांमध्ये गरम करून दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नीट पसरलेली काजळी एकसारखी करडी दिसते. काळे ठिपके आणि पांढरे पट्टे दिसले की समजायचं. पातळ इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. त्यात ५० मायक्रॉनचा एक गोळा म्हणजे भिंतीचा दहावा हिस्सा, आणि दाब आला की चीर तिथूनच निघते.

विद्यापीठ_वाडा

माझं एम.एस्सी. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातलं (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे), पुढे पॉलिमर-मातीवरच काम केलं. गिरणाकाठ यांनी आयुष्याचं खातं वेगळं काढलं ते फार बरं केलं. मातीवाल्या नॅनोबद्दल त्यात थोडी भर घालते, कारण जाहिरातीत हा भाग कधीच नसतो.

माती-प्लास्टिकची रचना तीन प्रकारची निघू शकते. एक, पापुद्र्यांचे गठ्ठे जसेच्या तसे राहिले. म्हणजे साधा फिलर, नॅनो फक्त बिलात. दोन, साखळ्या पापुद्र्यांच्या मधे शिरल्या, गठ्ठा फुगला पण सुटला नाही. तीन, पापुद्रे वेगवेगळे होऊन मालभर विखुरले. एका पापुद्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर आणि लांबी-रुंदी त्याच्या शंभरपट किंवा जास्त.

हे कळतं क्ष-किरणांवरून. नमुन्यावर क्ष-किरण टाकून कोन-तीव्रतेचा आलेख काढतात. त्यात सोडियम असलेल्या मातीचं शिखर ७ अंशांजवळ येतं, म्हणजे दोन पापुद्र्यांच्या तळांमधलं अंतर साधारण सव्वा नॅनोमीटर. तिच्यावर लांब शेपटीचं अमोनियम मीठ चढवलं की शिखर साडेतीनच्या आसपास सरकतं, अंतर अडीच. पापुद्रे सुटे झाले की शिखर गायब. पण शिखर गायब म्हणजे काम फत्ते असं नाही! माती फार कमी असली किंवा पापुद्रे नुसतेच वेडेवाकडे झाले तरी ते दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'सुटे झाले' असं लिहिलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

आता ऊन. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ही माती घालून अतिनील दिव्याखाली ठेवली, तर बऱ्याच प्रयोगांत ते बिनमातीच्या पॉलिप्रॉपिलीनपेक्षा लवकर ऑक्सिडाइज झालं. ताठपणा वाढलेला आणि आयुष्य घटलेलं. कारणं एकाहून जास्त आहेत. नैसर्गिक मातीत लोह असतं, आणि ते पेरॉक्साइड फोडून नवे रॅडिकल तयार करतं. मातीवर चढवलेलं अमोनियम मीठ २०० अंशांच्या आसपासच तुटायला लागतं, म्हणजे एक्स्ट्रुडरमध्येच, आणि मागे आम्लधर्मी जागा सोडतं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: एवढा मोठा पृष्ठभाग नुसता प्लास्टिकलाच धरून ठेवत नाही, तो आपण घातलेले अँटिऑक्सिडंट आणि यूव्ही स्टॅबिलायझरही शोषून बसतो. औषध घातलं, पण रोग्याला मिळालंच नाही.

धुळेकर

मग घालतात कशाला? सगळा उपद्व्याप नुसता पेपर छापायला का?

विद्यापीठ_वाडा

नाही हो धुळेकर. जिथे वायू किंवा वास अडवायचा आहे तिथे मातीचा उपयोग खरा आहे. चपटे पापुद्रे आडवे पसरले की ऑक्सिजनच्या रेणूला सरळ वाट मिळत नाही, वळसे घेत जावं लागतं. यासाठी १९६७ सालचं नील्सनचं समीकरण अजूनही वापरतात. पापुद्र्याची लांबी जाडीच्या शंभरपट धरली, तर आकारमानाने २ टक्के मातीने झिरपणं साधारण निम्म्यावर येतं. खाण्याच्या पाकिटांना, इंधनाच्या टाक्यांना याची किंमत आहे. शिवाय आगीत पृष्ठभागावर मातीचा आणि कोळशाचा थर जमतो, आणि माल सावकाश जळतो.

पण ठिबकच्या नळीतून ऑक्सिजन किती झिरपतो याचं रावेरच्या केळीला काय घेणं आहे?

शहादेकर

ताई, मॉन्टमोरिलोनाइट म्हणजे आपली काळी मातीच ना? मे महिन्यात भेगा पडतात ती? मन्हा वावरमा ती फुकट शे! पोतं भरून देऊ का कारखान्याला?

विद्यापीठ_वाडा

शहादेकर भाऊ, नातं अगदी बरोबर ओळखलंत. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात, आणि मॉन्टमोरिलोनाइट त्याच गटातलं. पावसात पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं म्हणून जमीन फुगते, उन्हाळ्यात ते निघून जातं म्हणून भेगा पडतात. प्लास्टिकमध्ये पाण्याऐवजी साखळी शिरवायची असते, एवढाच फरक.

पण पोतं नको 😊 वावरातल्या मातीत वाळू, चुनखडी, सेंद्रिय पदार्थ आणि मुख्य म्हणजे लोह असतं. लोहाचं वर सांगितलंच. कारखान्याला लागतो तो धुऊन, गाळून, शुद्ध केलेला बेंटोनाइट. तो कच्छ आणि राजस्थानातून येतो.

शहादेकर

बरं, माती राहू द्या. खार आणि उंदीर नळी कुरतडतात, त्यावर नॅनो चालतं का?

गिरणाकाठ

खारीला फिलरचा फरक कळत नाही. पुढचा प्रश्न.

अमळनेरचा_पुण्यात

ग्राफीन आणि कार्बन नॅनोट्यूब यांचं कोणीच काही बोललं नाही. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ठिकाणी आहे. तिथे नॅनोट्यूबचा उपयोग ताकदीपेक्षा विजेसाठी जास्त होतो. नळ्या इतक्या लांब आणि बारीक की एक टक्क्याच्या आतच एकमेकींना टेकून जाळं तयार होतं आणि प्लास्टिक वीज वाहायला लागतं. काजळीने तेच करायचं तर तिचं प्रमाण बरंच वाढवावं लागतं, आणि मग माल ठिसूळ होतो. इंधनाच्या नळ्यांमध्ये स्थिर वीज साठू नये म्हणून असं प्लास्टिक लागतं.

ताकदीची गोष्ट वेगळी. नॅनोट्यूब स्वतः अफाट मजबूत असते, पण ती प्लास्टिकला धरत नसेल तर ओढ आली की निसटून येते. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इजिमांचा नॅनोट्यूबवरचा शोधनिबंध आला तेव्हापासून 'पोलादाहून मजबूत प्लास्टिक' येतंय येतंय म्हणतात. आमच्याकडे तरी अजून आलेलं नाही.

केळीबाग

माझं सोपं करा. दुकानात बंडल समोर आहे. प्रयोगशाळा नाही. काय करू?

गिरणाकाठ

घरी बादलीत एक गोष्ट करता येईल. लॅटरलचा दोन बोटं तुकडा काप, ड्रिपर नसलेला. उभा चिरून सपाट कर, म्हणजे हवा अडकणार नाही. साबणाचं बोट लावून पाण्यात बुडव आणि सोड. लॅटरलचं पॉलिएथिलीन पाण्याहून हलकं, घनता ०.९२ च्या आसपास. अडीच टक्के काजळी धरूनही तुकडा तरंगलाच पाहिजे. चुनखडीची घनता २.७. हिशेब केला तर साधारण दहा-बारा टक्के चुनखडी भरली की तुकडा बुडतो. बुडाला तर बंडल परत.

तरंगला म्हणजे चांगला, असं मात्र नाही. काजळी कमी असेल किंवा दाणा जुना असेल तरी तो तरंगतोच. आणि ही परीक्षा पीव्हीसीला लावू नका, तो कायमच बुडतो. पीव्हीसी पाइपला घनतेची वेगळी मर्यादा आहे, आयएस ४९८५ मध्ये १.४० ते १.४६. त्याच्या वर गेला की समजायचं, चुनखडी हात सैल सोडून घातली आहे.

चटईवाला

पीव्हीसीत चुनखडी घालतात ती फसवायलाच, असं लोकांना वाटेल. तसं नाही ना?

गिरणाकाठ

नाही, आणि हे लिहिलंस ते बरं केलंस. स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेली बारीक चुनखडी थोड्या प्रमाणात पीव्हीसीला मदतच करते. मारा बसला की कणाच्या भोवती सूक्ष्म पोकळ्या उघडतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि चीर पुढे पळत नाही. नॅनो आकाराच्या चुनखडीचा खरा फायदा इथेच आहे. पण लेप नसलेली, गोळे झालेली नॅनो चुनखडी साध्या चुनखडीपेक्षा वाईट. महागडी भुकटी आणून ती ओलसर गोदामात ठेवली आणि सिंगल स्क्रूवर चालवली, तर पैसे जाऊन वर पाइप फुटतो.

धुळेकर

केळीच्या घडाच्या पिशव्यांचं काय? माझ्या मेव्हण्याच्या बागेत त्या पांढऱ्या पिशव्या हातात घेतल्या की भुगा होतात.

विद्यापीठ_वाडा

त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या नॉन-वोव्हन कापडाच्या असतात. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक फांदी असते. फांदीच्या जागचा हायड्रोजन सैल असतो आणि ऑक्सिडेशन तिथून सुरू होतं. म्हणून उन्हात ते पॉलिएथिलीनपेक्षा नाजूक. त्यात कापडाचा तंतू केसाहून बारीक, म्हणजे ऊन आरपार.

यात काजळी घालता येत नाही, घड तापेल. मग हाल्स जातीचे यूव्ही स्टॅबिलायझर घालतात. इथे शेतकऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: हाल्स अल्कधर्मी असतात. गंधक आणि क्लोरीन असलेल्या फवारण्यांमधून आम्ल तयार झालं की ते त्यांना निकामी करतं. पॉलिहाउसच्या फिल्म लवकर जायचं हे एक ठरलेलं कारण आहे. बागेत गंधकाची धुरळणी होत असेल तर पिशवीला किंवा शेडनेटला एकट्याला दोष देऊ नका.

केळीबाग

ही गोष्ट खरंच नवीन कळली. आमच्याकडे गंधक सर्रास मारतात.

अजून एक. केळीचा खांब कापून बांधावर टाकतो, हजारो टन जातो. त्याच्या धाग्यापासून नॅनो सेल्युलोज काढतात असं ऐकलं. ते घालून नळी नाही का होणार? जळगावची केळी, जळगावची नळी!

विद्यापीठ_वाडा

घोषणा झकास आहे. खांबाच्या धाग्यात सेल्युलोज भरपूर असतं. ते स्वच्छ करून सुमारे ६४ टक्क्यांच्या गंधकाम्लात विरघळणारा भाग विरघळवला की कडक स्फटिकी काड्या उरतात, काही नॅनोमीटर जाड. काडी ताठ आहे, नूतनीकरणक्षम आहे, सगळं खरं.

अडचण अशी की सेल्युलोजला पाणी आवडतं आणि पॉलिएथिलीनला पाण्याचं वावडं. काड्या वाळवल्या की एकमेकींना अशा चिकटतात की परत सुट्या होत नाहीत. गंधकाम्लातून काढलेल्या काड्यांवर सल्फेटचे गट राहतात, आणि त्या एक्स्ट्रुडरच्या तापमानालाच तपकिरी पडायला लागतात. आणि नळी तर जन्मभर पाण्यातच. कागदावरचा लेप, जाड रंग, स्टार्चची फिल्म अशा ठिकाणी हा माल शोभतो. खांबापासून पैसे करायचे तर धागा काढून दोर-कापड करणं मला तरी जवळचं वाटतं.

अमळनेरचा_पुण्यात

दीपनगरच्या (भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राच्या) राखेचंही असंच कोणीतरी विचारेल, म्हणून आधीच सांगतो. ती मायक्रॉनची, गोल काचेच्या मण्यांची. फिलर म्हणून चालते, नॅनो नाही.

चटईवाला

आता माझ्या कामगारांचं. ही भुकटी नाकात जाते त्याचं काय? काजळी हाताळणारा पोरगा संध्याकाळी ओळखू येत नाही.

गिरणाकाठ

हा प्रश्न पहिलाच यायला हवा होता. काजळी आणि श्वासावाटे जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड, दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने '२ब', म्हणजे मानवात कर्करोगाची शक्यता असलेले, या गटात टाकले आहेत. नॅनोट्यूबचा एक प्रकारही २०१४ पासून त्याच गटात आहे. धोका आहे तो सुट्या भुकटीचा. प्लास्टिकमध्ये बसलेला कण असा उडत नाही.

म्हणून सुटी काजळी आणूच नको, मास्टरबॅचचा दाणा घे. धूळही नाही आणि पसरतेही चांगली. ज्याला सुटी भुकटी टाकावीच लागते त्याला तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा रेस्पिरेटर दे आणि हॉपरवर धूळ ओढणारा पंखा बसव. झाडू मारून भुकटी गोळा करायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

चटईवाला

घेतो. मास्टरबॅच महाग पडतो म्हणून टाळत होतो, पण पोराच्या छातीपेक्षा महाग नाही.

आणि पांढऱ्या-पिवळ्या चटईत मी टायटॅनियम घालतो. ती बाहेर अंगणात टाकली की वर पांढरी भुकटी सुटते, हात लावला की बोटाला लागते. कंपनी म्हणते टायटॅनियम यूव्ही अडवतं. मग हे काय?

गिरणाकाठ

टायटॅनियम डायऑक्साइडचे दोन मुख्य स्फटिक, रुटाइल आणि ॲनाटेस. दोन्ही अतिनील शोषतात, पण शोषलेल्या ऊर्जेचं पुढे काय करतात तिथे फरक पडतो. ॲनाटेस ती ऊर्जा पृष्ठभागावरच्या पाण्याला आणि ऑक्सिजनला देतं, रॅडिकल तयार होतात आणि कणाच्या आजूबाजूचं प्लास्टिक खाल्लं जातं. प्लास्टिक झडलं की कण उघडे पडतात, तीच तुझी पांढरी भुकटी. कण जितका बारीक तितका हा उद्योग जास्त, कारण पृष्ठभाग जास्त. म्हणून बाहेरच्या मालाला रुटाइल घेतात, आणि तेही ॲल्युमिना किंवा सिलिकाचा लेप दिलेलं, म्हणजे कणाचा प्लास्टिकशी थेट संबंध येत नाही. इथे 'नॅनो टायटॅनियम' असं कोणी कौतुकाने विकत असेल तर आधी सावध व्हायचं.

चटईवाला

माझ्या पोत्यावर नुसतं 'टायटॅनियम व्हाइट' लिहिलंय.

विद्यापीठ_वाडा

क्ष-किरणांवर एका फेरीत कळेल, रुटाइलचं मोठं शिखर २७.४ अंशांजवळ येतं आणि ॲनाटेसचं २५.३ जवळ. विद्यापीठात नाही जमलं तर संभाजीनगरला सिपेटकडे (प्लास्टिकच्या सरकारी संस्थेकडे) नमुना पाठवता येतो. चमचाभर भुकटी पुरते.

चटईवाला

आणि ॲनाटेस निघालं तर? अर्धं पोतं शिल्लक आहे.

गिरणाकाठ

घरात अंथरायच्या चटईत घाल, तिथे ऊन नाही. बाहेर जाणाऱ्या मालासाठी नवं पोतं माग, आणि बिलावर 'रुटाइल, लेप दिलेलं' असं लिहून घे.